परसातलं पानात: तुमच्याकडचे किस्से लिहा

जाईजुई
काल माळा आवरताना आजीची गुलकंदाची बरणी हाती लागली. झाकण उघडलं तर आत नुसती धूळ, वासबीस काही नाही. तरी तिथेच शिडीवर बसून राहिले.
इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या मागच्या दारी गावठी गुलाब होता. फूल लहान, विस्कटलेलं, दुपारपर्यंत मान टाकणारं. पण चैत्रात बहरला की सकाळी हात लावला तरी बोटांना जेवेपर्यंत वास. आजी पाकळ्या धुऊन पंचावर सुकवायची. मग बरणीत एक थर पाकळ्या, एक थर खडीसाखर, वर फडकं, आणि बरणी गच्चीच्या कठड्यावर महिनाभर. ढवळायचं काम माझं. म्हणजे निम्मं ढवळायचं, निम्मं चाटायचं.
आता बाल्कनीत कलमी गुलाब आहे. फूल तळहाताएवढं, वास शून्य. त्याचा गुलकंद केला तर गोड पालापाचोळा झाला! तुमचं सांगा.

गच्चीवरची
आमच्याकडे जाम. वहिनी पुण्याची. लग्नानंतर आईने सांगितलं, "मागचे दोन जाम आण गं." ती बिचारी फ्रिजमध्ये मागे बाटली शोधतेय! पेरूला इथे जाम म्हणतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं 😂

पोहे_जिरावण
@गच्चीवरची आणि वर जिरावण, आपला पोह्यांवरचा मसाला, भुरभुरवायचं भिया. मीठ-तिखट लावून खाणारे पाहुणे.

गच्चीवरची
कच्चट पेरूची भाजी कर एकदा. बिया काढायच्या, हिंग-मोहरीची फोडणी, गूळ, लाल तिखट. एक वाफ, बास. शिजवून लगदा केलास तर मला सांगू नकोस.

सुगरण_नाही
नवऱ्याला म्हटलं भजीला भोपळ्याची फुलं काढून आणा. हे टोपली भरून घेऊन आले, एकेका फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा! नर फुलं काढायची असतात हो, नुसत्या लांब देठाची, आणि तीही दोन-चार वेलावर ठेवून. त्या वर्षी भजी झाली, भोपळा बाजारातून.
शिट्टी झाली, आले.

काळीमाती
विषयाला सोडून विचारतो. लिंबू सहा वर्षांचं, हिरवंगार, एक फूल नाही. रोज बादलीभर पाणी घालतो.

मळेकर_काका
तेच चुकतंय. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मग झाड नुसतं पानावर जातं. डिसेंबरात पाणी तोडा, पानं जरा मलूल होऊ द्या. मग खत घालून पाणी सुरू करा, फूल धरेल. कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट दिसली तर नीट बघा, हलते का. ती फुलपाखराची अळी असते. मी कढीपत्त्यावर नेऊन ठेवतो, तिला तोही चालतो. बायको म्हणते, मग फोडणीत काय घालू?

काळीमाती
आभारी आहे काका. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तरी मी टाकीतलं उपसून घालत होतो. बायको हसतेय.

शेवंती
घर बिल्डरला दिलं मागच्या वर्षी. शेवगा पार्किंगमध्ये गेला. त्याच्या फुलांची भाजी व्हायची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून. सकाळी झाडाखाली जुनी साडी अंथरून फुलं गोळा करायचो. एवढंच.

जाईजुई
अगं शेवंती 😔 फांदी तरी आणली होतीस का? जमिनीत खोचली की लागते ती.

शेवंती
नाही गं ताई. सामान हलवायच्या गडबडीत राहिलं.

सुगरण_नाही
परत आले. वरण लागलं. केळफुलाबद्दल कोणीच लिहिलं नाही? हाताला तेल न लावता सोललं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात काळी बोटं घेऊन सह्या करत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, मतदान करून आलात का, दहाही बोटांनी?"

पोहे_जिरावण
😂😂 चिरून ताकात टाकायचं ना!

सुगरण_नाही
भाजी काळी नव्हती पडली हो, मी पडले होते.

मळेकर_काका
जाईजुई ताई, तुमचा तो गावठी गुलाब आमच्याकडे आहे, राजेंद्र नगरला. पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाड दोन काड्या देतो. मात्र पहिली दोन वर्षं गुलकंदाचं नाव काढायचं नाही.

जाईजुई
काका!! बरणी आजच घासून ठेवते.

शेवंती
काका, शेवगा आहे का तुमच्याकडे?