'वर्तनबदल'ला सोपा शब्द?

पुस्तिकावाली: शेतकरी-मच्छीमारांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. 'शाश्वततेसाठी वर्तनबदल' पानापानावर आहे. 'वर्तन' म्हटलं की मला शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची 'वर्तणूक : चांगली' आठवते. जणू शेतकऱ्याचं वागणं वाईट आहे आणि ते सुधारायचंय. दुसरं काही सुचतं का?

खोडवा: मी 'अंगवळणी पडणे' घेईन. आमच्या ऊसपट्ट्यात तोड झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायची रीत. हेक्टरी 8-10 टन पाचट निघतं, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू संवर्धक टाकून ते सरीतच कुजवायचं, हे बैठकीत सगळ्यांनी ऐकलेलं. तरी काडी ओढली जायचीच. मग एका उन्हाळ्यात चुलत्यांनी शेजारच्या रानात पाचटाखाली हात घातला. पाणी देऊन बरेच दिवस झालेले, तरी माती गार, ओलसर. पुढच्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकाला, त्यांनी पाचट राखलं. आता घरात त्यावर चर्चाही होत नाही. क्रियापद बघा: सवय 'लावतात', अंगवळणी 'पडतं'. लावायला बाहेरचा कुणीतरी लागतो.

वेसावची: आमच्याकडचं क्रियापद देते, 'शाकारणे'. पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात, तशीच होडी किनाऱ्यावर ओढून, झाकून शाकारतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की ती पुन्हा पाण्यात. 1 जून ते 31 जुलैची सरकारी बंदी पुष्कळ नंतरची. पावसाळ्यात बरेच मासे अंडी घालतात, दर्या खवळलेला असतो, हे घरोघरी ठाऊक होतं. त्यामुळे बंदी रुजायला शाकारण्याचा आधार मिळाला.

'आसा'चं, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाचं, तसं नाही. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली, पापलेटची 135 मिमी. पण पिल्लू पापलेट विकलं जातंय तोवर बारीक आसाचं जाळं सुटणं कठीण. इथे पुस्तिकेने मच्छीमाराइतकंच गिऱ्हाइकाशीही बोलावं. बाजारात मासळीचा वाटा मोजून घेणाऱ्याने 'एवढंसं नको' म्हटलं तर फरक पडेल.

पुस्तिकावाली: मग 'वर्तनबदल' काढते. 'पाचट राखणं अंगवळणी पडावं म्हणून' असं प्रत्येक ठिकाणी त्या-त्या कामाचं नाव घालेन. गिऱ्हाइकासाठी वेगळं पान मागते. जाळ्याचा 'आस' पुल्लिंगी ना?

वेसावची: हो, तो आस. आशेची आस ती, स्त्रीलिंगी.