ग्राफिन लावलेलं कापड मेमध्ये चाललं, पाऊस लागताच बंद

प्रश्न (नागपूर): घर्षणातून वीज काढणारा मनगटी पट्टा करून राहिलो आहे. सुती कापड ग्राफिन ऑक्साइडच्या (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांच्या) द्रावणात (2 मिग्रॅ प्रति मिली) चारदा बुडवून वाळवलं, मग त्याचं वीजवाहक ग्राफिन व्हावं म्हणून व्हिटॅमिन सीच्या द्रावणात 95 अंशांवर तासभर. समोर टेफ्लॉन, त्यामागे ॲल्युमिनियम टेप. मेमध्ये एलईडीची माळ पेटायची, आता काहीच नाही. कोटिंग उतरलं का?

उत्तर 1: आधी मोजा. दोन सेंमी अंतरावर चिमटे लावून रोध पूर्वीइतकाच येत असेल तर कोटिंग शाबूत आहे. मग पट्ट्यावर पाच मिनिटं हेअर ड्रायर फिरवा. वीज परतली की चोर ओलावा. 65 टक्के आर्द्रतेत सूत वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी धरतं. पृष्ठभागावरचा भार त्या ओलीतून निसटतो.

इलाज म्हणजे ग्राफिन झाकणं. सिलिकॉन रबर (पीडीएमएस) 10 भागांना 1 भाग हार्डनर कालवून पातळ थर द्या, 80 अंशांवर दोन तास. पण मग समोर टेफ्लॉन ठेवू नका! दोघंही ऋणभार घेणारे, घासून हाती काही लागत नाही. नायलॉन घ्या, मागचा टेप तसाच. मध्ये एक मिमी फट ठेवून कडा सिलिकॉनने बंद करा, नाहीतर घाम कडेनेच शिरतो.

उत्तर 2: थर देताना लॅटेक्सचे हातमोजे नकोत. त्यातल्या गंधकाने सिलिकॉन घट्ट करणारा प्लॅटिनमचा उत्प्रेरक मरतो अन् थर चिकटच राहतो. द्रावणाला डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने ग्राफिन ऑक्साइडच्या गुठळ्या होतात. गांधीबागेतून कोरं कापड आणलं असेल तर धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढा. व्हिटॅमिन सीही नीट धुवा, उरलेलं ओल ओढतं.

प्रश्नकर्ता: रोध तोच आहे. ड्रायरने माळ पेटली, दहा मिनिटांत परत विझली. शिवाय मल्टिमीटर जेमतेम 3 व्होल्ट दाखवतो, अन् 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरतच नाही.

उत्तर 1: म्हणजे ओलच. मीटरचा रोध 10 मेगओहम, पट्ट्याचा स्वतःचा त्याहून जास्त असू शकतो, म्हणून मीटरच व्होल्टेज खाली ओढतो. ऑसिलोस्कोपला 100 पट प्रोब लावून मोजा, त्याचा रोध मीटरपेक्षा बराच जास्त असतो.

कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असेल तर बदला. पट्ट्यातून सरासरी 1 मायक्रोअँपच येत असेल अन् कपॅसिटरची स्वतःची गळती 3 असेल, तर तो भरणार कसा? 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर तेवढ्याच प्रवाहात 5 सेकंदांत 5 व्होल्टला जातो. त्यात साठतात 12.5 मायक्रोज्यूल, तेव्हा मोबाइल चार्जिंगचं डोक्यातून काढा. ब्रिजला (उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीला) 1एन4007 ऐवजी कमी गळतीचे डायोड घाला.