ओढ्यातील सॅमनची पिल्ले मोजतात, तो आकडा कितपत खरा मानावा?

प्रश्न : बोरिवलीकर

माझी भाची कॅलिफोर्नियातील सांताक्रूझला (पश्चिम रेल्वेवरच्या नव्हे) शिकते आणि समुद्राला मिळणाऱ्या लहान ओढ्यांतील मासे मोजणाऱ्या एका गटाबरोबर सुट्टीत काम करते. डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासनळी लावून ती डोहात पालथी पडते आणि कोहो सॅमन व स्टीलहेड (दोन्ही ओढ्यात जन्मून सहसा समुद्रात वाढणारे आणि अंडी घालायला ओढ्यात परतणारे मासे) यांची दिसतील तेवढी पिल्ले मोजून पाटीवर लिहिते. माझा जन्म हिशेबतपासणीत गेल्यामुळे मला लगेच शंका आली की, दगडाखाली दडलेल्या पिल्लांची नोंद कोण करणार, आणि एकच पिल्लू दोनदा मोजले गेले तर ते कळणार कसे? दुसरा प्रश्न जरा स्वार्थाचा आहे. मी दहिसर नदीकाठी रोज फिरायला जातो. राष्ट्रीय उद्यानातील तिच्या वरच्या अंगाला अशी मोजणी करता येईल का?

उत्तर १ : बोटुकली

आपली शंका रास्त आहे आणि ती त्या लोकांनाही आहे, म्हणूनच डोळ्यांनी मोजलेला आकडा कोणी अंतिम धरत नाही. पाहणी केलेल्या डोहांपैकी काही डोह निवडून त्यांची दोन्ही टोके जाळ्यांनी बंद करतात आणि पाण्यात सौम्य विद्युतप्रवाह सोडून, गुंगलेले मासे हातजाळ्याने उचलून, बाजूला ठेवून मोजतात. ही फेरी पुन्हा केली की दुसऱ्या वेळी कमी मासे मिळतात, आणि ही घट किती झाली यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो. समजा पहिल्या फेरीत ४० आणि दुसरीत १० मिळाले, तर पहिल्या आकड्याच्या वर्गाला दोन आकड्यांच्या फरकाने भागायचे, म्हणजे १६०० भागिले ३०, साधारण ५३. पाणबुड्याला त्याच डोहात ३५ दिसले असतील, तर त्याच्या नजरेतून किती निसटतात ते समजते आणि तेवढी दुरुस्ती इतर डोहांच्या आकड्यांना लावता येते. हॅन्किन आणि रीव्ह्‌ज यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही पद्धत पुढे बरीच रूढ झाली. तिच्यात एक खोट मात्र आहे : पहिल्या फेरीतून सुटलेले मासे मुळातच पकडायला अवघड असतात, त्यामुळे अंदाज बहुधा थोडा कमीच येतो.

दुबार मोजणी टाळण्यासाठी पाणबुड्या प्रवाहाविरुद्ध सावकाश वर सरकतो. मासे तोंड प्रवाहाकडे करून राहतात, त्यामुळे तो त्यांच्या मागून येतो, आणि जे पिल्लू त्याच्या बाजूने मागे जाते तेच मोजले जाते.

कोहोची दुरुस्ती स्टीलहेडला लावणे ही मात्र मोठी चूक ठरेल. कोहोची पिल्ले डोहात उघड्यावर तरंगताना दिसतात, तर स्टीलहेडची पिल्ले खळाळात आणि दगडांच्या फटींत राहतात व थंडीत बहुतेक रात्रीच बाहेर पडतात. पाण्यात दोघांना ओळखण्याची खूण म्हणजे पोटाखालचा मागचा पर : कोहोमध्ये त्याची पुढची कडा लांब आणि पांढरी असते.

उत्तर २ : डोलकर

वरील उत्तर ओढ्यात राहणाऱ्या पिल्लांविषयी आहे. समुद्राकडे निघालेल्यांची मोजणी निराळी असते आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. वसंतात, साधारण मार्च ते जूनमध्ये, ओढ्याच्या खालच्या अंगाला आपल्या कोळ्यांच्या डोल जाळ्यासारखे, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते जाळे लावतात. त्यात सगळेच मासे सापडत नाहीत. म्हणून सापडलेल्यांपैकी, समजा, १०० पिल्लांवर खूण करून ती पुन्हा वरच्या बाजूला सोडतात; त्यांतली २० परत जाळ्यात आली, तर जाळे पाचांतून एकच मासा धरते असा हिशेब निघतो. काही पिल्लांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची बिल्ली बसवतात, जिला बॅटरी लागत नाही. ओढ्यात आडव्या बसवलेल्या ॲंटेनावरून मासा गेला की तिचा क्रमांक नोंदला जातो.

खाली गेलेली पिल्ले आणि परत आलेले मोठे मासे हे दोन्ही आकडे हाती असले, तरच नुकसान ओढ्यात झाले की समुद्रात, हे सांगता येते. कोहो बहुतांशी तीन वर्षांचे चक्र पाळतो, त्यामुळे यंदाच्या पिल्लांची तुलना गेल्या वर्षाशी न करता तीन वर्षांपूर्वीच्या पिल्लांशी करावी लागते, आणि एखादे वर्ष पूर्ण बुडाले की ती पिढी सावरायला फार काळ लागतो. मध्य कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील कोहोला १९९६ मध्ये संकटग्रस्त ठरवले होते आणि २००५ मध्ये त्याहून गंभीर, नष्टप्राय वर्गात टाकले. स्टीलहेडचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तो आणि गोड्या पाण्यातच राहणारा रेनबो ट्राउट ही एकच जात आहे आणि काही पिल्ले समुद्रात जातच नाहीत. आपल्या भाचीला स्कॉट क्रीकबद्दल जरूर विचारा : तिथे उन्हाळ्यात वाळूचा बांध पडून मुखाशी जे तळे साचते, त्यात वाढलेली पिल्ले संख्येने थोडी असूनही परत येणाऱ्या मोठ्या माशांत सुमारे ८५ टक्के त्यांचीच भरती असल्याचे दिसून आले आहे.

उत्तर ३ : वलगण

आपल्याकडचे चढणीचे मासे सॅमनसारखे समुद्रातून येत नाहीत. ते पहिल्या पावसात नदीतून ओढ्यांत, भाताच्या खाचरांत अंडी घालायला चढतात. खरा समुद्राशी नाते असलेला मासा म्हणजे सापासारखा लांबट अहिर, आणि त्याची वाट उलटी आहे : वाढतो गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला समुद्रात जातो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात उतरणे निरुपयोगी आणि जीवघेणे आहे, आणि वस्तीत शिरल्यावर दहिसर नदीचे पाणी कोणी तोंड बुडवण्यासारखे राहत नाही. उरतो तो उद्यानातील वरचा भाग, पावसाळा सरल्यावर, तोही वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच. विजेचा प्रयोग मात्र मनातही आणू नका. काठावरून तेच डोह, त्याच महिन्यात, त्याच वेळी, दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावेत आणि मासा न दिसलेल्या डोहापुढे न चुकता शून्य लिहावे.

बोरिवलीकर

सर्वांचे आभार. दोघांनी वेगवेगळे मोजायचे, हे आमच्या धंद्यातल्या दुहेरी तपासणीसारखेच आहे, त्यामुळे ते पटले. परवानगीचा अर्ज या आठवड्यात करतो. दुसऱ्या मोजणीदाराच्या शोधात आहे, बोरिवली–दहिसरमधील कोणी असल्यास कळवावे.