मदत हवी आहे: चायनीज संत्र्याला डिंक्या आणि शेंडेमर

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या अंगणात जमिनीत लावलेलं चायनीज संत्र्याचं जुनं कलम आहे. फळं आंबट, पण झाड शोभेचं. हिवाळ्यात नारिंगी गोळ्यांनी लगडलं की येणारे-जाणारे थांबून बघतात. यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येताहेत. पानं पिवळी, शिरा त्याहून पिवळ्या. बुंध्याशी साल उभी तडकली आहे, त्यातून मधाच्या रंगाचा डिंक गळतो. नखाने खरवडलं तर आत तपकिरी, ओलसर.

गेल्या उन्हाळ्यात फाटकाचं काम झालं, तेव्हा कंत्राटदाराने भराव थेट बुंध्यावर ओढला आणि कलमाचा जोड मातीखाली गेला. मला संशय फायटोफ्थोराचा (मुळं आणि साल सडवणारा, बुरशीसारखा रोगजंतू) आहे, कारण पाणी साचलं आणि ओली माती सालीला टेकून राहिली की तोच लागतो. भराव काढून जोड उघडा केलाय.

आता सडलेली साल धारदार चाकूने काढून बोर्डो पेस्ट लावायची आहे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी हे प्रमाण माहीत आहे. एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरेल ना? वाळक्या फांद्या लगेच छाटू की नवी पालवी फुटेपर्यंत थांबू? मुळांशी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मातीत ओतणं) कुणी केली आहे का? साल निम्म्या घेरापर्यंत गेली आहे. एवढं सडूनही कुणाचं झाड सावरलं असेल तर काय केलंत ते नक्की सांगा. हे झाड गमवायचं नाहीये.