संरक्षण, सुरक्षा की बंदोबस्त?

कंबर तलाव: दिवाळी अंकासाठी प्रिन्स हॅरीच्या खटल्यावरचा लेख मराठीत करतोय. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं त्याला पूर्वीसारखं पोलीस संरक्षण द्यायचं बंद केलं; मे २०२५ मध्ये अपिलातही तो हरला. त्याचं म्हणणं, पदरचे पैसे घालून खासगी माणसं ठेवली तरी पोलिसांकडची गुप्त माहिती त्यांना मिळत नाही. मी दोन्हींना 'सुरक्षा' लिहिलं आणि वाद कशाचा तेच कळेना. वेगळे शब्द सुचवा.

पार्क चौक: पोलिसांचा तो 'बंदोबस्त'. सरळ आहे की ओ.

सम्मती कट्टा: नाही ओ. माझे वडील पोलिसात होते. सोलापूरच्या गड्डा यात्रेला, आषाढीला पंढरपूरला ते 'बंदोबस्तावर' जायचे. बंदोबस्त जागेचा, गर्दीचा असतो. एका माणसामागं सावलीसारखा राहतो तो अंगरक्षक. २० मार्च १९७४ ला लंडनमध्ये राजकन्या ॲनला पळवायचा प्रयत्न झाला. तिचा अंगरक्षक इन्स्पेक्टर बीटन पिस्तूल अडकल्यावरही मधे उभा राहिला, तीन गोळ्या खाल्ल्या. त्याला 'बंदोबस्त' म्हणणं मला पटत नाही.

हत्तरसंग कुडल: बंदोबस्त मुळात फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला? आपला 'हुजुरात' शब्द घ्या, राजाच्या खास तैनातीतली फौज.

पार्क चौक: 'हुजूर' अरबी आहे, साहेब. आणि शेतात पाणी शिरलं की आमची आजी म्हणायची, "बांधाचा काहीतरी बंदोबस्त करा." आजीची मराठी फारसी धरायची का?

हत्तरसंग कुडल: रुळलेला शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही. नवा शब्द निवडायचा असेल तर आपल्यातला निवडा. संरक्षण, रक्षक काय वाईट आहेत?

अक्कलकोट वेस: गारदी विसरलात सगळे. माझ्या मते तो युरोपियन 'गार्ड'वरूनच आला. शनिवारवाड्याच्या पहाऱ्याला होते तेच, आणि १७७३ ला नारायणरावांना त्यांनीच मारलं. शब्द तेव्हापासून बदनाम झाला, नाहीतर आज पोलिसांतही गारदी असते.

सम्मती कट्टा: पहाऱ्याला म्हणजे? गारदी कवायती पायदळ होतं, पगार थकल्याची तक्रार घेऊन आत घुसलं. वाड्याच्या पहाऱ्याचे लोक वेगळे.

अक्कलकोट वेस: मग त्या कटातला तुळाजी पवार कोण होता? तो तर वाड्यातलाच खिजमतगार, म्हणजे नोकर.

कंबर तलाव: काका, ताई, लेख परवा द्यायचाय. 'पोलीस संरक्षण' आणि 'खासगी रक्षक' लिहू का?

हत्तरसंग कुडल: 'खासगी' पण अरबीच आहे.