पल्ला वॅटवर नाही, अँटेनाच्या उंचीवर

कित्येकांना वाटतं की बोटीवर बसवलेला व्हीएचएफ सेट (बोटी एकमेकींशी बोलायला वापरतात तो रेडिओ) २५ वॅटचा आणि हातातला, म्हणजे हँडहेल्ड, ५ वॅटचा, म्हणून पल्लाही पाचपट. तसं होत नाही. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. क्षितिजाआड गेलेली बोट त्यांना सापडत नाही. ढोबळ हिशेब असा: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले २.२, तेवढे सागरी मैल, आणि दोन्ही बोटींचे आकडे मिळवायचे. पाण्यापासून १ मीटरवर धरलेल्या दोन हँडहेल्डना जेमतेम साडेचार मैल मिळतात. तीच अँटेना ९ मीटरच्या डोलकाठीवर असेल तर एका बाजूचेच साडेसहा. म्हणून पैसे आधी अँटेना आणि चांगल्या केबलवर घाला.

हँडहेल्ड तरीही हवाच. बोटीच्या बॅटरीत पाणी शिरलं की बसवलेला सेट मुका होतो.

डीएससीवाला (बटण दाबून संकटाचा डिजिटल संदेश पाठवणारा) सेट घेतलात तर नऊ अंकी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओ ओळख क्रमांक, भरल्याशिवाय आणि जीपीएस जोडल्याशिवाय निघू नका. संकटाचं बटण दाबल्यावर चॅनेल ७० वरून तुमचं ठिकाण जायला हवं. मग १६ वर तोंडी सांगायचं. कित्येक बोटींवर ती जीपीएसची वायर नुसती लोंबकळताना पाहिली आहे, जीव तुटतो.