शब्दचर्चा : ‘कन्सेप्ट कार’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : १९७० सालच्या ‘लान्चा स्ट्रॅटोस झीरो’ या इटालियन कन्सेप्ट कारविषयी (म्हणजे नवी कल्पना दाखवण्यासाठी घडवलेल्या गाडीविषयी) मराठीत लिहिताना कोणी ‘प्रतिकृती’ म्हणतात, कोणी ‘नमुना’, तर कोणी ‘संकल्पना-गाडी’. यांपैकी योग्य शब्द कोणता? या गाडीला ‘विंटेज’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘प्रतिकृती’ तर मुळीच नको, कारण प्रतिकृतीसाठी आधी मूळ वस्तू असावी लागते आणि इथे ही गाडी हीच मूळ वस्तू आहे. ‘नमुना’ म्हटले की त्याबरहुकूम पुढे माल निघणार, असे वाचक गृहीत धरतो. मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोने या कंपनीसाठी आखलेली आणि तुरिनच्या प्रदर्शनात मांडलेली ही गाडी मात्र एकच बनली. लान्चाने पुढे ‘स्ट्रॅटोस’ याच नावाची जी गाडी विक्रीस काढली आणि जिने १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवून दिले, तिचे रूप वेगळे आहे. ‘संकल्पना-गाडी’ या शब्दाने स्ट्रॅटोस झीरो कागदावरच राहिली असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात लान्चाच्याच फुल्व्हिया या मोटारीचे इंजिन होते आणि ती रस्त्यावर चालवली गेली. म्हणून ‘कन्सेप्ट कार’ हाच रुळलेला शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘एकच घडवलेली’ असे जोडावे, हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘विंटेज’ हे विशेषण जाणकार साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना लावतात, त्यामुळे इथे ‘जुनी’ किंवा ‘क्लासिक’ पुरे.

‘कारोत्सेरिया’ या इटालियन शब्दाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण बेर्तोनेसारख्या कंपन्यांचा उल्लेख आपल्याकडे सरसकट ‘डिझाइन स्टुडिओ’ असा होतो आणि त्यात अर्धे काम हरवते. १९१२ साली इटलीतल्या तुरिनमध्ये सुरू झालेला बेर्तोनेचा कारखाना मुळात घोडागाड्यांचा होता. पुढे इतरांनी बनवलेल्या चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) तो मोटारींच्या बॉडी उभारू लागला. आपल्याकडे ट्रकच्या धंद्यात यालाच ‘चासीवर बॉडी बांधणे’ म्हणतात. ‘बॉडी बांधणारा कारखाना’ असे निःसंकोच लिहावे. त्यात आखणी आणि पत्राकाम ही दोन्ही येतात.

पुरवणी : वरील मताशी मी सहमत आहे, फक्त आकाराच्या शब्दाकडे लक्ष वेधतो. या गाडीला अनेकदा ‘निमुळती’ म्हटले जाते, पण निमुळती वस्तू चहूबाजूंनी बारीक होत जाते. स्ट्रॅटोस झीरो बाजूने पाहिल्यास नाकापासून छतापर्यंत जवळजवळ एकाच तिरक्या रेषेत चढते, समोरून मात्र ती रुंदच राहते. हा आकार पाचरीचा आहे. तिची उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर असून तिला बाजूची दारे नाहीत. पुढची काचच वर उचलली जाते, स्टिअरिंगचा दांडा पुढे सरकतो आणि चालक नाकावर पाय देऊन आत उतरतो. त्यामुळे ‘गाडीत चढला’ किंवा ‘दार उघडून बसला’ हे नेहमीचे प्रयोग इथे चुकीचे चित्र उभे करतात. ‘काच उचलून आत उतरला’ असेच लिहावे लागेल.